वह्यांवरचे लाल शेरे मुलांपर्यंत खरोखर पोहोचतात का?

प्रश्न
गणित शिक्षिका, सिडको, नाशिक

मी सिडको भागातील एका अनुदानित शाळेत सहावीच्या दोन तुकड्यांना गणित शिकवते. एका तुकडीत ५६ मुले आहेत आणि दुसरीत ५४, म्हणजे एकूण ११० वह्या. एका वहीला तीन मिनिटे धरली तरी साडेपाच तास होतात, आणि शाळेत तेवढा मोकळा वेळ कधीच मिळत नसल्याने वह्यांचे गठ्ठे रिक्षातून घरी येतात. गेली अकरा वर्षे माझा क्रम ठरलेला आहे. चुकीच्या उत्तरावर लाल रेघ मारायची, शेजारी बरोबर उत्तर लिहायचे, खाली ‘छान’, ‘अक्षर सुधार’, ‘सराव कर’ किंवा ‘लक्ष दे’ यांपैकी काहीतरी लिहायचे आणि शेवटी तारखेसह सही करायची.

या सप्टेंबरमध्ये मात्र एका वहीने मला अडवले. जुलैत अपूर्णांकांची बेरीज चालू असताना एका मुलाने १/२ + १/३ = २/५ असे लिहिले होते. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवण्याची ही चूक दर वर्षी होते, त्यामुळे मी फारसा विचार न करता ते खोडून वर ५/६ लिहिले आणि ‘आधी समच्छेद कर’, म्हणजे दोन्ही छेद सारखे कर, असा शेरा दिला. त्यानेही शाळेच्या शिस्तीप्रमाणे दुरुस्ती केली, म्हणजे खाली सुबक अक्षरात ५/६ लिहून त्याला पट्टीने चौकट आखली, आणि मी त्या चौकटीवर बरोबरची खूण करून मोकळी झाले. सप्टेंबरच्या घटक चाचणीत त्याच मुलाने २/३ + १/४ = ३/७ असे लिहिले. चाचणीचा पेपर आणि जुलैचे ते पान शेजारी ठेवून पाहिले तेव्हा लक्षात आले की त्याने माझेच उत्तर उतरवले होते आणि मी माझ्याच उत्तराला बरोबर दिले होते.

दुसऱ्या दिवशी मी त्याला जवळ बोलावून तो शेरा वाचायला लावला. त्याने तो खणखणीत वाचला. समच्छेद करायचा म्हणजे काय करायचे, असे विचारल्यावर तो माझ्याकडे न पाहता वहीकडेच पाहत राहिला.

माझा प्रश्न असा आहे. शिक्षकाने दिलेल्या शेऱ्यामुळे मुलाचे शिकणे सुधारते असे आपण बी.एड.पासून ऐकत आलो आहोत, पण शेरा नेमका कसा असला म्हणजे तो उपयोगी पडतो, आणि ११० वह्या असताना तसा शेरा देणे माणसाला शक्य आहे का? ‘वह्या कमी तपासा’ असा सल्ला कृपया देऊ नये, कारण पर्यवेक्षक दर महिन्याला सह्या पाहतात.


उत्तर १
प्राध्यापिका, अध्यापक महाविद्यालय, गंगापूर रोड

बाई, आपल्या प्रश्नातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ती दोन पाने शेजारी ठेवून पाहणे. शेऱ्याला आमच्या पाठ्यपुस्तकांत ‘प्रत्याभरण’ (फीडबॅक) असा भारदस्त शब्द आहे. परीक्षेत त्याची व्याख्या सगळे लिहितात, पण वर्गात शेवटी उरतो तो शेराच. तरीही त्या शब्दाच्या मुळाशी असलेली कल्पना विद्युत अभियांत्रिकीतून आलेली आहे आणि ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. गच्चीवरच्या टाकीतील फ्लोट पाणी भरल्याचे कळवतो आणि मोटार बंद होते. फ्लोट कळवतो आहे पण मोटार चालूच आहे, अशी स्थिती असेल तर त्या फ्लोटचा उपयोग काय? मुलाच्या पुढच्या कृतीत ज्यामुळे काहीच बदलत नाही, तो शेरा कितीही अचूक असला तरी तो प्रत्याभरण ठरत नाही. आपल्या ‘समच्छेद कर’ या शेऱ्याचे नेमके हेच झाले, कारण शेजारीच ५/६ लिहिलेले असल्यामुळे मुलाला काही करण्याची गरजच उरली नाही.

शेऱ्याने फायदाच होतो, ही समजूत संशोधनात टिकलेली नाही. क्लुगर आणि डेनिसी या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९६ साली तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला आणि त्यात सहाशेहून अधिक निष्कर्ष तपासले. सरासरी परिणाम चांगला निघाला खरा, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्राय मिळाल्यानंतर कामगिरी उलट घसरलेली आढळली. त्यांच्या मांडणीचा गाभा असा की अभिप्रायामुळे माणसाचे लक्ष कामावरून उठून स्वतःकडे वळले, म्हणजे ‘मी हुशार की ढ’ या विचाराकडे गेले, की त्याचा परिणाम कमी होतो. ‘हुशार आहेस’ हा शेरा या दृष्टीने ‘आळशी आहेस’ या शेऱ्याचाच भाऊ आहे, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते आणि त्यांना ते पटत नाही.

दुसरा अभ्यास रूथ बटलर यांचा, १९८८ सालचा. इस्रायलमधील पाचवी-सहावीच्या मुलांचे त्यांनी तीन गट केले. एका गटाला फक्त गुण दिले, दुसऱ्याला कामाविषयी फक्त लेखी शेरा दिला आणि तिसऱ्याला गुण व शेरा दोन्ही दिले. तिसऱ्या गटाला सर्वाधिक फायदा व्हावा असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्या मुलांत, आणि दोन्ही मिळालेली मुले गुणवाल्यांच्याच रांगेत राहिली. गुण दिसले की मूल शेरा वाचत नाही, हे आपल्याला पेपर वाटण्याच्या दिवशी वर्गात दिसतेच. पहिली नजर आकड्यावर जाते आणि दुसरी शेजारच्याच्या आकड्यावर. अर्थात तो प्रयोग मर्यादित काळाचा होता आणि आपल्या वर्गांपेक्षा वेगळ्या परिस्थितीतला होता, त्यामुळे त्यावरून गुण बंदच करा असे मी म्हणणार नाही.

आता आपल्या ११० वह्यांविषयी. बरोबर उत्तर लिहिणे बंद करा. आपला निम्मा वेळ तिथे जातो आणि मुलाचा विचारही तिथेच थांबतो. चूक असलेल्या ओळीच्या डावीकडे समासात फक्त एक ठिपका द्या. ज्या मुलांना बऱ्यापैकी जमते त्यांना ठिपकाही देऊ नका, पानाच्या तळाशी ‘या सहांपैकी दोन उत्तरे चुकली आहेत, शोधून काढ’ एवढेच लिहा. मात्र एक अट कटाक्षाने पाळा. वह्या परत दिल्यावर त्याच तासाला दहा-पंधरा मिनिटे फक्त त्या ठिपक्यांवर काम करण्यासाठी राखून ठेवा. तेवढा वेळ देता येणार नसेल तर वह्या तपासल्या काय आणि न तपासल्या काय, मुलाच्या शिकण्याला सारखेच. हे कठोर वाटेल, पण मी पाठनिरीक्षणासाठी शाळांमध्ये जाते तेव्हा असे दिसते की वह्या परत मिळतात आणि थेट दप्तरात जातात.


उत्तर २
निवृत्त मुख्याध्यापक, नाशिक रोड

प्राध्यापिका मॅडमचे विवेचन पटण्यासारखे आहे, परंतु शाळा चालवलेल्या माणसाच्या बाजूने दोन गोष्टी सांगणे मला भाग आहे.

पहिली गोष्ट कबुलीची आहे. मी मुख्याध्यापक असताना वह्यांवरच्या सह्या मोजत असे. शेरा काय आहे हे मी क्वचितच वाचले. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनीही वही उघडून तारीख आणि सही पाहिली की समाधान मानले, आणि त्यामुळे आमचे शिक्षक वही तपासत ती मुलासाठी नव्हे, आमच्यासाठी. बाईंनी लिहिलेला ‘लक्ष दे’ हा शेरा खरे तर पर्यवेक्षकाला उद्देशून असतो; ‘मी ही वही पाहिली आहे’ एवढाच त्याचा अर्थ.

शिक्षण हक्क कायद्यानंतर महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले तेव्हा हे बदलेल अशी मला मनापासून आशा होती. सहावीसाठी आकारिक मूल्यमापनाला निम्मे महत्त्व दिले गेले. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय अशी साधने आली. आकारिक या शब्दाचा अर्थच मुळी शिकणे आकार घेत असताना केलेले मूल्यमापन असा आहे. त्यासोबत प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी आल्या, म्हणजे विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. कल्पना उत्तमच होती. पण दोन-तीन वर्षांत या नोंदींच्या तयार याद्या मोबाइलवर फिरू लागल्या आणि त्यातली वाक्ये जशीच्या तशी प्रगतिपुस्तकात उतरू लागली. एका वर्षी मी एका तुकडीची प्रगतिपुस्तके सहीसाठी घेऊन बसलो असता ‘गणितातील मूलभूत क्रिया अचूक करतो’ हे वाक्य एकामागून एक येत गेले. ते मुलींच्या प्रगतिपुस्तकांतही ‘करतो’ असेच होते. मी त्या शिक्षकांना रागावलो नाही, कारण सत्र संपायला चार दिवस असताना साठ मुलांच्या नोंदी मागणारा मीच होतो.

दुसरी गोष्ट मतभेदाची आहे. गुण झाकून ठेवणे शहरातल्या पालकांना चालत नाही. पाचवीच्या आणि आठवीच्या शिष्यवृत्तीचे वर्ग पहिलीपासून शोधणारे पालक माझ्या कचेरीत येऊन अर्ध्या गुणासाठी बसलेले मी पाहिले आहेत. त्यांना ‘शेरा वाचा’ म्हटले की शाळा काहीतरी लपवते असे वाटते. म्हणून घटक चाचणीत गुण द्यावेत, ते आढेवेढे न घेता द्यावेत, आणि रोजच्या वहीत गुण मुळीच देऊ नयेत, अशी विभागणी मला व्यवहार्य वाटते. निदान पेपर वाटताना पहिल्या दिवशी शेरे असलेली उत्तरपत्रिका द्यावी, दुरुस्ती करून घ्यावी आणि गुण दुसऱ्या दिवशी सांगावेत. त्या एका रात्रीला काही किंमत आहे.

आणि बाई, सर्व वह्या सारख्याच खोलात तपासायचा हट्ट सोडा. रोज हजेरीपटाच्या क्रमाने दोन्ही तुकड्यांतल्या पाच-पाच वह्या नीट वाचा, बाकीच्यांवर नुसती सही करा. बारा शाळेच्या दिवसांत प्रत्येक मुलाची वही एकदा खरोखर वाचली जाते. पर्यवेक्षकांना तसे आधी लेखी कळवून ठेवा. तोंडी सांगितलेले आमच्या जातीला आठवत नाही.


उत्तर ३
पालक, सातपूर

मी शिक्षक नाही, औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करतो, त्यामुळे माझे म्हणणे थोडक्यात मांडतो. आमच्याकडे एखादा जॉब, म्हणजे मशीनवर तयार झालेला भाग, रिजेक्ट झाला तर त्याला जोडलेल्या टॅगवर कोणते माप किती जास्त किंवा कमी आहे ते लिहावेच लागते, कारण त्यावरूनच मशीनवरचा माणूस पुढची सेटिंग ठरवतो. टॅगवर ‘लक्ष द्या’ असे लिहून मी तो परत पाठवला तर तो माणूस माझ्याकडे येऊन भांडेल, आणि त्याचे बरोबर असेल. माझ्या मुलीच्या वहीवर गेल्या वर्षभरात ‘लक्ष द्या’ हा शेरा कितीतरी वेळा आला आहे. तो वाचून मी तिला दर वेळी रागावलो, आणि कशाकडे लक्ष द्यायचे ते मलाही ठाऊक नव्हते आणि तिलाही. शेरा पालकांसाठी असेल तर आम्ही घरी काय करावे एवढे तरी त्यात असावे ही विनंती.


उत्तर ४
शिक्षक, आश्रमशाळा, सुरगाणा तालुका

वरील चर्चेत लेखी शेऱ्याचाच विचार झाला आहे, म्हणून आमच्याकडची स्थिती सांगतो. आमच्या शाळेतील बहुतेक मुलांच्या घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतात आणि अनेकांच्या घरात शाळेत गेलेली ही पहिलीच पिढी आहे. त्यांच्यासाठी वहीवरचा मराठी शेरा हा स्वतःच एक वाचनाचा धडा असतो, आणि तो लाल शाईत, घाईच्या अक्षरात, जोडाक्षरांनी भरलेला. ‘समच्छेद’ हा शब्द पाहून मुलाच्या मनात काय उमटत असेल याचा विचार आपण करत नाही. ‘पालकांची सही आणावी’ हा शेरा तर आमच्याकडे निरर्थकच आहे, कारण भातकापणी उरकली की कितीतरी आईबाप द्राक्षबागांच्या कामासाठी निफाड-दिंडोरीकडे निघून जातात आणि थेट उन्हाळ्यात परततात.

म्हणून मी पेन खाली ठेवून मुलाच्या बाकाशेजारी बसायला शिकलो. निवासी शाळा असल्यामुळे संध्याकाळचा अभ्यासाचा तास आम्हाला मिळतो, ही आमची सोय शहरातल्या शिक्षकांना नाही हे मान्य आहे. बाईंनी लिहिलेली १/२ + १/३ = २/५ हीच चूक माझ्याकडच्या एका मुलीने केली होती. मी तिला चूक आहे असे म्हटले नाही. भोजनगृहातून नागलीची एक भाकरी मागवून घेतली आणि तिला अर्धी तोडायला सांगितले. मग विचारले, “ही अर्धी तुझ्या ताटात आहे. त्यात मी आणखी एका भाकरीचा तिसरा हिस्सा घातला. आता ताटातली भाकरी वाढली की कमी झाली?” ती हसली आणि वाढली म्हणाली. मग भाकरीचे पाच सारखे भाग कल्पून त्यातले दोन दाखव म्हटल्यावर तिने बोटाने भाकरीवर रेघा ओढल्या, अर्ध्या भाकरीशी ताडून पाहिले आणि तिचे बोट थांबले. पाचातले दोन हे अर्ध्यापेक्षा कमी होते. ताटात घातल्यावर भाकरी कमी कशी झाली, हा प्रश्न मग तिने मला विचारला, मी तिला नव्हे.

समच्छेदाची रीत मी त्यानंतर दोन दिवसांनी शिकवली, आणि ती का लागते हे तेव्हा सांगावे लागले नाही. बाईंच्या विद्यार्थ्याचे ३/७ हे उत्तरही असेच आहे, कारण २/३ मध्ये काहीतरी मिळवून आलेले उत्तर २/३ पेक्षा लहान आहे. ‘समच्छेद कर’ या शेऱ्याऐवजी ‘उत्तर २/३ पेक्षा मोठे हवे की लहान?’ असा प्रश्न समासात लिहिता आला असता. रीत विसरली जाते; उत्तराचा अंदाज घेण्याची सवय लागली तर मूल स्वतःच स्वतःची वही तपासू लागते, आणि मग आपल्या साडेपाच तासांतले काही तास वाचतील.

मॅडमनी सांगितलेला ठिपका मला आवडला, पण ज्या मुलाला चूक दिसतच नाही त्याला ठिपका दिला तर ते आधीचे उत्तर रबराने खोडून दुसरे काहीतरी लिहून आणते. असे माझ्या वर्गात झाले आहे. त्यामुळे कोणाला ठिपका, कोणाला प्रश्न आणि कोणाजवळ जाऊन बसायचे, हे मूल पाहूनच ठरवावे लागते.


पुन्हा प्रश्नकर्तीकडून
गणित शिक्षिका, सिडको, नाशिक

सर्वांचे आभार. दिवाळीच्या सुट्टीनंतर पाच आठवडे मी यातल्या काही गोष्टी करून पाहिल्या, त्याविषयी लिहिते.

रोज दहा वह्या नीट वाचण्याची गुरुजींची सूचना मी पहिल्या दिवसापासून अमलात आणली आणि पर्यवेक्षकांना लेखी कळवले. त्यांनी अर्जावर ‘पाहिले’ असे लिहून सही केली, जे वाचून मला हसू आवरले नाही. घरी येणारा गठ्ठा आता पिशवीत मावतो. दुरुस्तीसाठी शुक्रवारचा तास अर्धा राखून ठेवला. पहिल्या दोन शुक्रवारी मुलांनी ठिपके मोजण्याची स्पर्धा लावली आणि ज्याच्या वहीत एकही ठिपका नव्हता तो जिंकला, म्हणजे गुण मी काढून टाकले आणि मुलांनी ते मागच्या दाराने पुन्हा आत आणले. तिसऱ्या शुक्रवारी मी प्रत्येकाला किमान एक ठिपका किंवा एक प्रश्न मिळेल अशी व्यवस्था केली. बरोबर उत्तरापाशीही ‘हे दुसऱ्या रीतीने येईल का?’ असे विचारू लागले, तेव्हा तो खेळ थांबला.

चार पालक भेटायला आले. वहीत बरोबर उत्तर लिहिलेले नसल्याने घरी अभ्यास घेता येत नाही, अशी त्यांची तक्रार होती. सातपूरच्या पालकांचे टॅगचे उदाहरण मी त्यांना सांगितले. दोघांना पटले, एका आईने शिकवणीच्या बाईंना विचारते असे सांगून विषय संपवला.

अपूर्णांकांच्या बेरजेत ती जुनी चूक करणारी मुले कमी झाली आहेत, पण संपलेली नाहीत. हा फरक शेऱ्यांमुळे पडला की त्या निमित्ताने मी तो भाग पुन्हा शिकवल्यामुळे, हे मला प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. एक मात्र निश्चित की पूर्वी मी वही तपासताना उत्तर पाहत असे आणि आता मुलाने ते कसे काढले ते पाहते, कारण प्रश्न लिहायचा तर आधी त्याची वाट मला कळावी लागते. वेळ त्यातच जातो, आणि थकवाही वेगळा येतो.

ज्या मुलापासून हे सुरू झाले त्याच्या वहीत काल ३/४ + १/६ हे उदाहरण होते. त्याने ४/१० असे उत्तर लिहून ते स्वतःच एका रेघेने खोडले आहे, आणि समासात, जिथे मी लिहीत असते तिथे, पेन्सिलीने लिहिले आहे: “बाई, हे पाऊणपेक्षा कमी येतंय म्हणजे चुकलंय. पण कुठं चुकलं ते सापडत नाही.” त्याखाली मी अजून काही लिहिलेले नाही. सोमवारी पहिला तास त्याच तुकडीवर आहे, तेव्हा त्याच्या बाकाशी जाऊन बसणार आहे.